दोन दिवस बंद ठेवलेलं औषध

टेलरमास्तरांची बायको सकाळपासून घर आवरत होती. लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. मास्तरांचं यकृत जुन्या काविळीनं निकामी होत आलेलं. माणसानं दारूचा थेंब कधी शिवला नव्हता. पण फुगलेलं पोट दिसलं की लोक एकच कारण सांगतात. म्हणून घरानं दुखणं झाकून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी एक गोड, चिकट औषध दिलं होतं. रोज दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर विष डोक्यात चढेल, असं बजावून.

"दोन दिवस बंद ठेव ते," थोरल्या दिरांनी परवाच फर्मावलं होतं. "पाहुण्यांसमोर हा सारखा संडासात पळाला तर शोभा होईल."

"पण दादा, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर काय पोरीला नवरा आणून देणार आहे?"

तिनं बाटली कपाटात ठेवली.

पाहुणे आले. मास्तर मुलाच्या वडिलांना म्हणाले, "उभे राहा, माप घेतो." सगळे हसले. मास्तर पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचे हात फडफडू लागले, जीभ अडखळली.

"घेतलेली दिसतेय," मुलाची आई पुटपुटली.

मास्तर खुर्चीतून घसरले. पाहुण्यांच्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं.

"काही आजार? औषधं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो, ठणठणीत आहे! उन्हानं चक्कर आली," पाहुण्यांकडे बघत दीर म्हणाले.

"मग आधी मेंदूचा फोटो काढू. तासभर लागेल."

तासभर! मास्तरांची बायको पुढे झाली.

"बाई, यांचं यकृत गेलंय. पोट साफ व्हायचं औषध परवापासून मी दिलं नाही. मीच बंद केलं."

"अगं, गप्प बस!" दीर ओरडले.

डॉक्टरीणबाई मात्र तेच औषध सुरू करायला धावल्या. मुलाच्या आईनं पर्स उचलली. मंडळी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी लेकीला ओळखलं. "या खेपेला वाचले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोरीचं वाटोळं केलंस," दीर दाराशी धुसफुसले.

"तिच्या बापाला मारायला मी निघाले होते, दादा, तुमचं ऐकून," ती म्हणाली. "आता दारात कुणीही येवो. आधी दुखणं सांगायचं, मग चहा द्यायचा."