सहीच्या दिवशी सांडलेली वाइन

वाइनची बाटली पेचकसने उघडायला जातो त्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. हिरामण गेला. बूच वर येईना, म्हणून त्याने ते पेचकसने आत ढोसलं आणि तांबडी वाइन चिळकांडी उडून थेट गालिच्यावर. गालिचाही कसा, तर सायीच्या रंगाचा, आठच दिवसांपूर्वी वाशीहून आणलेला. बाटली घेऊन आलेला बिल्डर समोरच सोफ्यावर बसला होता. "अरे, अरे!" म्हणत त्याने आपले बूट तेवढे उचलले, आणि मोबाइल वाजला तसा तो गॅलरीत निघून गेला.

हिरामणची बायको मनस्वी ओलं फडकं घेऊन धावली आणि लागली घसाघसा घासायला. बशीएवढा डाग बघता बघता परातीएवढा झाला.

"घासू नको गो! पसरल तो!" स्वयंपाकघरातून पुतळा ओरडतच आली.

पुतळा म्हणजे हिरामणची थोरली बहीण, जासईला दिलेली. सकाळी सहीसाठी म्हणून ती पावणे गावी, माहेरी आली होती आणि आल्यापासून चुलीपुढेच होती. पाहुण्यासाठी मासे तळायचे, चांगली साडी कशाला खराब करा, म्हणून तिने जुनेर गुंडाळलं होतं.

सही कसली, तर हक्क सोडल्याची. बापाची शेती सरकारने घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट मिळाला होता, त्यावर बहीणभाऊ दोघांची नावं होती. हिरामणला तो बिल्डरला द्यायचा होता, तोही एकट्याच्या नावाने. आणि पुतळा सही करणार होती. हसत करणार होती! वाटा मागितला की भाऊ तुटतो, माहेर तुटतं, हे गावातल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात लहानपणापासून भरवलेलं. नवरा म्हणाला होता, जरा विचार कर. त्यालाच तिने झापलं होतं, "माजा भाव हाय तो. आयेच्या मागं मीच कडेवर घेऊन फिरवलाय."

तर पुतळाने मनस्वीच्या हातातलं फडकं काढून घेतलं. पोरांच्या शर्टावरचे जांभळाचे डाग तिने जन्मभर काढले होते, ही वाइन काय मोठी लागून गेली! कोरडा पंचा डागावर ठेवून तिने तळव्याने दाबला, उचलला, घडी बदलून पुन्हा दाबला. मग मूठ मूठ जाडं मीठ पसरलं. मीठ गुलाबी झालं की भरायचं, टाकायचं, नवीन घालायचं. राहिलेल्यावर खायचा सोडा, आणि वर मनस्वीच्या नूडल्सच्या व्हिनेगरचे चार थेंब. फसफसलं तसं कडेकडून आत टिपत आली. गुडघे भरून आले, मिठाने बोटं चुरचुरायला लागली, पण डाग हटला. उरला तो फक्त ओलावा.

"वा! कमाल आहे बाईंची," गॅलरीतून आत येत बिल्डर म्हणाला. त्याने खिशातून वीसची नोट काढून पुतळापुढे धरली. "घ्या, चहापाण्याला. हिरामणशेठ, अशी कामवाली मिळत नाही हो आजकाल."

पुतळाने हिरामणकडे बघितलं. आता बोलेल, मग बोलेल.

हिरामण हसला. "घे घे," म्हणाला.

घे घे! अरे, कुठे फेडशील हे?

पुतळाने नोट मुठीत धरली.

"बरं, तुमची बहीण कुठे आहे?" बिल्डरने विचारलं. "सही झाली की निघतो मी."

"आत हाय ना. लाजते जरा. मी घेऊन येतो सही," असं म्हणून हिरामणने कागद उचलले आणि पुतळाला डोळ्यांनीच आत चल म्हणून खुणावलं.

ओट्याशी त्याने पेन पुढे केलं. "ताय, इथंच कर पटकन."

"आदी भायेर जाऊन सांग, मी कोन ती."

"आता कसं सांगू? त्यानं नोट दिल्यावर? माजी इज्जत जाईल ना! उगाच टेन्शन देऊ नको गो."

"तुजी इज्जत? आनि माजी रं?"

हिरामणने पेन पुन्हा पुढे केलं. पुतळाने त्याच्या हातातले कागद हिसकले आणि तरातरा बाहेर गेली.

"शेट, ही तुमची नोट. हिरामनची बहीन मीच."

बिल्डर ताडकन उभा राहिला. "सॉरी, सॉरी ताई! मी ओळखलंच नाही."

"तुमी कशे ओलखनार? ज्यानं ओलखायचं तो बोलला, घे घे." रडू नव्हतं आवाजात, संताप होता नुसता. "सही नाय व्हनार. प्लॉटान माजा वाटा हाय, तो मना पायजे. माज्याशी बोला, माज्या तोंडावर बोला."

कागद तिने उभे फाडले, मग आडवे. बिल्डरने बॅग उचलली आणि चपळाईने जिना गाठला.

हिरामणचं टाळकंच सटकलं. "ताय, मोडलंस सगलं! आता माहेरचं दार बंद तुला, सांगून ठेवतो!"

पुतळा सोफ्यावर जाऊन बसली, ऐसपैस, मिठाचे पाय गालिच्यावर सोडून.

"लाव ना दार," ती म्हणाली. "घर बापाच्या जाग्यावं हाय. मी आतच बसनार."