हरभऱ्याचे शेंडे

काजलने सगळ्यांत उंच रोपाचा शेंडा कात्रीने छाटला आणि तो कप शेजारच्या कपाला लावून पाहिला. अजून बोटभर उंचच होतं. तिने पुन्हा कात्री उचलली.

चहाच्या कागदी कपांत लावलेला हरभरा नंदनवन वस्तीतल्या यमुताईंच्या व्हरांड्यात ओळीने मांडला होता. पुढच्या आठवड्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं.

"अवं, कटिंग करून राहिली काय? शाम्पूबी लाव!" तिचा भाऊ आयुष म्हणाला.

"तू चूप बैस."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून यमुताई या शेजारच्या भावंडांचा अभ्यास घेत. त्या हळूच खाली बसल्या.

"का गं कापलंस?"

"मी सगळ्याइले सारखंच पाणी देल्लं, आजी. मातीबी एकच. तरी कोणी उंच, कोणी बुटकं. सर म्हणतीन, हिनं नीट केलंच नाही. माहा प्रयोगच काढून टाकतीन." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

यमुताईंनी कात्री तिच्या हातातून सोडवून घेतली. "आईच्या सगळ्या पोळ्या सारख्या होतात?"

"पयली तर नकाशाच रायते!" आयुष म्हणाला.

"कणीक एकच, तवा एकच, हातही तोच. मग?" त्या काजलकडे वळल्या. "पुस्तकात याला परिवर्तनशीलता म्हणतात. घरात आपण म्हणतो, कमी-जास्त व्हायचंच."

"पण मी तर कापून टाकले ना."

"हरभरा आहे तो. शेतात शेंडे मुद्दाम खुडतात. थोडी वाट पाहू."

आठवडा सरता सरता छाटलेल्या रोपांना बगलेतून फुटवे आले. एकाला दोन, एकाला तीन. एक मात्र तसंच खुरटं उभं होतं. काजलने छाटलेल्या प्रत्येक कपावर 'हे मी कापलं' अशी चिठ्ठी चिकटवली.

प्रदर्शनात परीक्षक मॅडम तिच्या टेबलाशी थांबल्या. सगळे कप एका ओळीत होते. खुरटं रोपही मध्येच, आपल्या जागी.

"चांगलं वाढलेलं पुढे ठेवायचं असतं, बेटा," मॅडम म्हणाल्या.

काजलने ओळीकडे पाहिलं. एकही कप हलवला नाही.

"मग बाकीचे कोणाले दिसतीन, मॅडम?"

मॅडमनी पर्समधून चष्मा काढला आणि त्या पहिल्या कपावर वाकल्या.