दळण लाइव्ह

नाशिक रोडला, नोटांच्या प्रेसच्या वसाहतीमागे सहादूंची पिठाची गिरणी आहे. परवापर्यंत ती असणार की नसणार, हाच प्रश्न होता. कोपऱ्यावरच्या मॉलात तयार पीठ मिळू लागलं, काहींनी घरघंट्या घेतल्या आणि सहादू दिवसभर माश्यांना ओळखू लागले. त्यातच द्वारका चौकातल्या एका मोबाइल-कव्हरवाल्याने गाळा भाड्याने मागितला. दिवाळीपर्यंत काय ते सांगा, म्हणाला.

सहादूंना गिरणी सोडायची नव्हती. निवृत्त होणाऱ्या नवऱ्यासाठी शकुबाईंनी घरात काय काय कामं काढून ठेवली होती, ती त्यांना ठाऊक होती.

"आप्पा, आपल्याला नवीन काहीतरी द्यावं लागेल," सून निकिता म्हणाली. ती फोनवर व्यवसायाचा कोर्स करत होती.

"नवीन काय देणार? पीठ ते पीठच ना."

"पीठ तेच. सेवा नवीन. आपण लोकांच्या घरून धान्य आणायचं, दळून घरपोच द्यायचं."

सहादू हसले. "बाई, लोक दळण टाकून जातात का कधी? आपलाच गहू आपल्याच डब्यात पडतो का, हे बघायला उभे राहतात. आणि 'गव्हावर टाका हो, बाजरीवर नको' हे कोण सांगणार? आधीच्याचं मूठभर पीठ आपल्या डब्यात येतं, म्हणून आधी कोण होतं त्याची चौकशी सोयरिकीसारखी करतात."

निकिताने यावरही उपाय काढला. गिरणीच्या तोंडावर कॅमेरा बसवला. 'दळण लाइव्ह' नावाचा ग्रुप काढला. आपला गहू पडताना ज्याने त्याने घरबसल्या पाहावा. घराघरातून डबे आले. सहादू पहिल्यांदाच केस विंचरून गिरणीत बसले.

तीन-चार दिवस सगळं छान चाललं. निकिताच्या हिशेबातून एक बारीकशी गोष्ट मात्र निसटली होती. ज्याने त्याने आपलाच गहू पाहायला हवा होता. पाहत होते सगळे सगळ्यांचा.

वसाहतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या साधनाताई आपला गहू थेट मध्य प्रदेशातून येतो असं हळदीकुंकवाला सांगत असत. त्यांचा डबा गिरणीत उपडा झाला आणि ग्रुपवर खालच्या मजल्यावरच्या गोजराबाईंचा आवाज उमटला, "अगं बाई, हा तर रेशनचा! परवा मी पण हाच आणलाय. खडेसुद्धा तेच हायेत."

साधनाताईंनी लिहिलं, "कॅमेऱ्यात रंग नीट दिसत नाही."

कुणीतरी विचारलं, "खड्यांचा पण?"

त्यावर साधनाताईंनी ग्रुप सोडला. मग आपलं दळण त्यांच्या दळणानंतर झालं म्हणून शेजारच्या शुभांगीने सोडला. मग गोजराबाईंच्या डब्यातल्या किड्याभोवती गोल काढून कुणीतरी फोटो टाकला, तेव्हा त्यांनीही सोडला. आठवड्यात ग्रुपवर निकिता आणि सहादू एवढेच उरले. ती त्यांना शुभ सकाळ पाठवायची.

"कव्हरवाल्याला हो म्हणून टाकू का गं?" सहादूंनी विचारलं.  निकिताच्या कोर्समध्ये हा धडा अजून यायचा होता.

त्याच संध्याकाळी साधनाताई स्वतः आल्या. डबा ओढणीखाली.

"सहादूभाऊ, ते यंत्र बंद आहे ना?"

सहादूंनी कॅमेरा भिंतीकडे वळवला. साधनाताई बाकावर टेकल्या, दळण होईपर्यंत बसल्या आणि शुभांगीच्या घरात रात्रीचा डबा बाहेरून येतो, ही बातमी देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शुभांगी आली. ती साधनाताईंबद्दल बोलली. मग गोजराबाई आल्या. त्या दोघींबद्दल बोलल्या. घरपोच पीठ सगळीकडे मिळत होतं, मॉलात तर पुडीत मिळत होतं. पण कुणाचं काय चाललंय ते कुठल्याच पुडीत नव्हतं.

निकिताने मुकाट्याने कॅमेरा काढला आणि दुसरा बाक आणला. मग चहा सुरू केला. चकलीची भाजणी करून विकायला ठेवली, तेव्हा बसलेल्या बायकांनी ती चुकली असं एकमताने सांगितलं आणि आपापली कृती दिली. निकिताने सगळ्या कृतींच्या भाजण्या केल्या. प्रत्येकीने स्वतःची विकत घेतली, आणि दुसरीची बिघडलीय का ते पाहायला तीही नेली.

दिवाळीच्या तोंडावर कव्हरवाला उत्तर घ्यायला आला. गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाक भरलेले, डबे फूटपाथपर्यंत आलेले.

"मग काका, गाळ्याचं काय ठरलं?"

सहादूंनी तोंड उघडलं.

"कसला गाळा?" गोजराबाईंनी विचारलं.

"इथं मोबाइल-कव्हरचं दुकान टाकायचंय, मावशी."

दोन्ही बाकांवरच्या माना त्याच्याकडे वळल्या. 

"मग आम्ही बसायचं कुठं?" साधनाताई म्हणाल्या.

"ताई, मी एक खुर्ची ठेवीन ना."

"एक?" शुभांगी म्हणाली. "एकटीने बसून बोलायचं कुणाशी?"

"आणि कव्हर घ्यायला माणूस किती वेळ बसतो रे?" गोजराबाईंनी विचारलं. "लग्न झालंय का तुझं? घरचे कुठले तुम्ही?"

कव्हरवाला पायऱ्या उतरला. वळणावरून गाडी सुरू केल्याचा आवाज आला. सहादूंनी ठणकावून नकार दिला असं आता वसाहतीत सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी तोंड उघडलं होतं, तेवढंच. ते मिटून त्यांनी पुढचा डबा गिरणीत ओतला.