कारा-किरवर तिसरं कोण

कोक-बोरूचा, म्हणजे घोड्यावरून बकऱ्याचं धूड पळवायच्या खेळाचा, अंतिम सामना आमच्याच गावात होता. सकाळपासून सगळं गाव आल्मा-बुलाक मैदानाकडे लोटलं होतं आणि मी चौकीच्या गच्चीवर अँटेनाजवळ बसून चरफडत होते. माझा धाकटा भाऊ केनेश त्या दिवशी गावाच्या संघातून घोड्यावर बसणार होता. बकऱ्याचं धूड प्रतिस्पर्ध्याच्या मांडीखालून कसं हिसकायचं हे मीच त्याला लहानपणी गोणपाट भरून शिकवलं होतं. आणि नेमकी त्याच दिवशी पहाऱ्याची पाळी माझी.

"दुर्बिणीतून बघ की," हवालदार साबिर म्हणाला. "आम्हाला तर तेवढंही नाही."

"दुर्बीण पलीकडे रोखायला दिली आहे."

"मग पलीकडे बघ. तिकडेही गर्दीच आहे."

खरंच होतं. मैदानाच्या खालच्या अंगाने कालवा जातो. कालव्याच्या अल्याड आम्ही किर्गिझ, पल्याड ताजिकांचं नवदेह. लढाई झाली त्या वर्षी या कालव्याच्या दोन्ही काठांवर घरं जळली होती. त्यात साबिरचं एक. पुढे तह झाला, नकाशे आले, खांब रोवले गेले. आता नवदेहची माणसं आपल्या काठावर सतरंज्या टाकून, जर्दाळू खात आमचा सामना बघत होती आणि आमच्या घोडेस्वारांना नावं ठेवत होती. एवढ्यावर आलं होतं, हेच खूप होतं.

एकच तुकडा आखायचा राहिला होता, कारा-किरचा उघडाबोडका काळा कडा. तो कुणाचा हे ठरेपर्यंत कुणाच्याही सैनिकाने तिथे पाय ठेवायचा नाही, असा करार होता. आमचा माणूस गेला तर तो हल्ला, त्यांचा गेला तरी हल्ला.

आणि महिन्याभरापासून एक ड्रोन आमची झोप उडवत होतं. केव्हातरी यायचं, कालव्यावरून जायचं, नाहीसं व्हायचं. आम्ही त्यांना निषेधाचा खलिता धाडला. त्यांनी आम्हाला. गावातल्या पोरांनी मोबाइलवर चित्रफिती फिरवल्या, खाली शिव्यांचा पाऊस. राजधानीतून हुकूम आला, ओळख न पटलेलं यान हद्दीत शिरलं की पाडा. पाडायला एक बंदूक पाठवली. गोळी नाही, नळीही नाही, ड्रोनचे रेडिओ संकेत गुदमरवणारी पेटी. ती चालवायला शिकलेली चौकीत मी एकटी.

सामन्याचा पहिला डाव रंगात आला होता आणि अँटेनाला जोडलेल्या पडद्यावर रेघ उमटली.

मी आधी कानावरचं यंत्र नीट बसवलं, मग साबिरला हाक मारली. "मेजरसाहेबांना वर बोलव. आलंय."

मेजर एसेनबेक धापा टाकत वर आले. त्यांना चौकीत सगळे बाइके म्हणतात, म्हणजे थोरले भाऊ, आणि ते सगळ्यांना थोरल्या भावासारखेच झापतात. "कुठे?"

"कालव्याच्या वर. कमी उंचीवरून येतंय, जड आहे. पोटाला काहीतरी बांधलंय."

आता ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. सहा पंख्यांचं, कासवासारखं, मैदानाच्या दिशेने. मी बंदूक खांद्याला लावली.  घोड्यांवरून नजर काढून लोक वर बघू लागले. काहींनी टोप्या हलवल्या, त्यांना वाटलं कुणी सामन्याचं चित्रीकरण करतंय.

"दाबू का, बाइके?"

"खाली कोण आहे?"

"खाली लाकडी सज्जा आहे. बायका, म्हातारी माणसं. दाबलं तर त्यांच्याच डोक्यावर."

"मग थांब."

"हुकूम पाडायचा आहे," साबिर म्हणाला.

"हुकूम देणारा सज्ज्यावर बसलेला नाही," मेजर म्हणाले.

तेवढ्यात जिन्याजवळचा फोन वाजला. आमची आणि त्यांची चौकी जोडणारा थेट फोन तो. मोठ्या समारंभाने सुरू केलेला, आणि तेव्हापासून चुकलेल्या गाईम्हशींसाठीच वापरलेला. मी बंदूक ठेवून तो उचलला; पलीकडे त्या चौकीचा कॅप्टन शोदमोन असणार हे मला ठाऊक होतं. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण आवाज चांगला ओळखीचा. तो मला 'कारिंदाश' म्हणतो. धाकट्या बहिणीला म्हणायचा आमचा शब्द, त्याच्या तोंडी जरा वाकडा होतो. मी त्याला त्यांच्या रीतीने 'अका' म्हणते, म्हणजे दादा.

"कारिंदाश, तुमचं पाखरू परत घ्या. आमच्याकडे लोक खवळलेत."

"आमचं? शोदमोन-अका, ते तुमच्याकडून आलंय."

"माझ्याकडून आलं असतं तर मी तुला फोन करून वर्दी दिली असती का?"

"मागच्या वेळी तुमची म्हैस आली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"ती म्हैस तुमचीच होती. दूधसुद्धा द्यायची नाही."

एरवी मी हसले असते. पण तोवर पडद्यावर दुसरी रेघ उमटली होती. ड्रोन जिथे असतं तिथून एक संकेत येतो आणि ते चालवणारा जिथे बसतो तिथून दुसरा. आजवर ते इतका वेळ हवेत टिकलंच नव्हतं, म्हणून दुसरी रेघ मला कधी सापडली नव्हती. आता सापडली. ती नवदेहकडे जात नव्हती, दक्षिणेकडे वळत होती.

मी फोन हाताने झाकला. "बाइके, चालवणारा नवदेहात नाही. दक्षिणेला कुठेतरी आहे. पण माझ्या एका अँटेनाला नुसती दिशा कळते, अंतर कळत नाही. कोरडा ओढा असेल, कारा-किर असेल, त्याच्याही मागचं गाव असेल. दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ मिळाली तर जिथे छेद बसेल तिथे तो."

"दुसरी अँटेना?"

मी कालव्यापलीकडच्या चौकीकडे बोट केलं. त्यांच्या छपरावरची अँटेना उन्हात चमकत होती.

साबिरचा चेहरा उतरला. "त्यांना आपली दिशा सांगायची? म्हणजे आपलं यंत्र किती ऐकतं, कुठपर्यंत ऐकतं, सगळं उघडं. बाइके, हीच माणसं होती."

"हीच होती," मेजर म्हणाले.  मग आपल्या मोबाइलवरून राजधानीला फोन लावला. तिकडच्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अशी माहिती दुसऱ्या देशाला देण्याची तरतूद नाही, लेखी विचारा, वरिष्ठ बैठकीत आहेत, बसा, कळवतो.

बसायला वेळ नव्हता. मैदानात कुणीतरी ओरडलं, "हे तिकडचं आहे, बॉम्ब टाकतायत," आणि सामना फुटला. घोडेस्वार धुडाला सोडून कालव्याकडे सुटले. दुर्बिणीत मला सगळ्यात पुढे कोण दिसावं? केनेश. चाबूक दातात धरलेला. पल्याड नवदेहच्या लोकांनी सतरंज्या सोडून दगड उचलले होते. ड्रोन मैदान ओलांडून जर्दाळूच्या बागांवर घिरट्या घालत होतं, पण आता त्याच्याकडे बघतंय कोण.

मेजरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "शोदमोन, मी एसेनबेक. चालवणारा ना तुझा, ना माझा. माझ्या चौकीतली मुलगी तुला एक दिशा सांगेल. तू तुझी सांग. पुढचं माझ्या डोक्यावर."

पलीकडे खुर्ची सरकली. मग शोदमोन म्हणाला, "माझ्याही डोक्यावर. बोल, कारिंदाश."

मी सांगितली. त्याने सांगितली. मी नकाशावर पट्टी ठेवून दोन रेघा ओढल्या. छेद बसला थेट कारा-किरवर. ज्या एकाच जागी आम्हा दोघांनाही जायला बंदी, तिथेच तो सुखाने बसला होता. आम्ही एकमेकांवर डोळे वटारून होतो आणि आमच्या वटारलेल्या डोळ्यांच्या मधली जागा त्याने पकडली होती.

"एकट्याने गेलो तर युद्ध," शोदमोन फोनवर म्हणाला.

"दोघांनी मिळून गेलो तर?" मेजरांनी विचारलं.

"त्याबद्दल करारात काही लिहिलेलं नाही."

"मग निघ."

ठरलं ते असं. दोन्हीकडून एकेक गाडी, बंदुकांतल्या गोळ्या काढून खिशात, कोरड्या ओढ्यापाशी भेट. मेजर स्वतः लोकांना थोपवायला मैदानाकडे धावले. मी हातातली छोटी अँटेना घेतली. गाडी चालवायला साबिरशिवाय कुणी नव्हतं. तो किल्ली घेऊन जिना उतरला. ओढ्यापर्यंतचा तो रस्ता एरवी बैलगाडीच्याही लायकीचा नाही. साबिरने गाडी अशी हाणली की माझं डोकं छताला आपटत होतं, आणि तरी मला वाटत होतं, अजून जोरात.

ओढ्यात त्यांची गाडी उभी होती. शोदमोन म्हणजे धिप्पाड, मिशाळ माणूस असणार अशी माझी समजूत होती. समोर आला तो चष्मा लावलेला, शाळामास्तरासारखा किडकिडीत गृहस्थ. मला बघून तोही थबकला.

"मला वाटलं होतं तू उंच असशील," तो म्हणाला.

"मला वाटलं होतं तुम्ही जाडे असाल."

त्यांच्या गाडीने पुढचा चढ घेतला नसता, म्हणून शोदमोन आणि त्याचा एक शिपाई आमच्या गाडीत बसले. शिपायाने पुढची जागा घेतली, साबिरच्या शेजारची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. चढावर एका वळणाला चाक घसरलं, गाडी दरीकडे झुकली. शिपायाने काही न विचारता दार उघडून उडी मारली आणि दगड उचलून चाकाखाली घातला. साबिर गाडी सावरत म्हणाला, "अजून एक. डावीकडे." शिपायाला भाषा किती कळली कोण जाणे, पण दगड डावीकडेच पडला.

माथ्याच्या अलीकडे आम्ही उतरलो. मी माझी अँटेना फिरवत एका बाजूने, शोदमोन त्याची घेऊन दुसऱ्या बाजूने. कानातला सूर चढत गेला, चढत गेला, आणि एका कपारीत मेंढपाळाचा करडा तंबू दिसला. आत दोन माणसं. एकाच्या गळ्यात चालवायचा संच, दुसरा दुर्बीण लावून खालचा गोंधळ बघत हसत होता. त्यांनी आम्हाला पाहिलं तेव्हा साबिर आणि तो शिपाई त्यांच्या मागे पोचले होते.

एक आमच्या जिल्ह्यातला निघाला, एक त्यांच्या. भाषेची अडचण त्यांना कधी आली नसावी.

"पोटाला काय बांधलंय?" शोदमोनने विचारलं.

"माल," संचवाला म्हणाला. "अफू. बॉम्ब नाही, देवाशपथ. बागेत टाकायचा, घेणारा येतो."

"आज का? एवढ्या गर्दीत?"

"आज सगळे सामन्यात. पोलीससुद्धा."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "परत आण. हळू. आमच्या पायाशी उतरव." त्याने संचाचे दांडे फिरवले. ते सहा पंख्यांचं कासव कालव्यावरून वळलं, कड्याकडे आलं, धूळ उडवत समोर टेकलं. पंखे थांबले आणि मला एकदम खालचा आवाज ऐकू आला, मैदानातल्या कर्ण्यावरचा मेजरांचा. ते एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत होते, आधी किर्गिझमध्ये, मग मोडक्या ताजिकमध्ये. "वर बघा. कड्यावर दोघं मिळून गेलेत. वर बघा."

मी कड्याच्या टोकाला गेले. शोदमोन शेजारी येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढून हलवली, मी माझी. खाली पाण्यात घोडी घातलेले स्वार थांबले होते. काठावर वाकलेली माणसं सरळ झाली. एक घोडा वळला, मग दुसरा. केनेशचा बराच उशिरा वळला, तो हट्टीच आहे.

मग खरं भांडण लागलं, ड्रोन कुणी न्यायचं यावर. शोदमोन म्हणे पुरावा आमचा, मी म्हणे आमचा. आवाज चढले. शेवटी साबिर वैतागून म्हणाला, "यंत्र त्यांना द्या, चालवायचा संच आपण घेऊ. एकाशिवाय दुसरं काय कामाचं? तपासायला बसावंच लागेल एकत्र."

शोदमोनने चष्मा पुसला. "हा माणूस वाटाघाटीला का नाही पाठवत तुम्ही?"

"घर जळालंय माझं," साबिर म्हणाला.

शोदमोनने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "ठाऊक आहे. निळ्या फाटकाचं." आणि दोघांनी मिळून ड्रोन उचललं.

त्यानंतरचे दिवस चौकशीत गेले. राजधानीतून आलेल्या कर्नलने मला विचारलं, शत्रूला लष्करी माहिती का दिली. मी म्हटलं, सामना बघायला आलेली माणसं वाचवायची होती, आणि दिशा सांगितली नसती तर संध्याकाळपर्यंत शत्रू नक्की मिळाला असता. कर्नलने ते उतरवून घेतलं नाही. मेजरांना सक्त ताकीद मिळाली. शोदमोनला त्याच्या बाजूने त्याहून वाईट मिळाली म्हणे, बढती अडली.

पण पुढच्या महिन्यात दोन्हीकडचे मोठे लोक एका टेबलाशी बसले आणि त्यांनी ताकीद मिळालेल्या याच दोघांना मधे बोलावलं. हे कसं केलंत, कुठल्या क्रमाने, कुणी आधी सांगितलं, सगळं विचारलं. आता कारा-किरसाठी दोन्ही चौक्या दिशा एकमेकींना कळवतात आणि आठवड्यातून एकदा दोघांची मिळून गस्त जाते. तेवढ्याच तुकड्यासाठी. बाकीच्या सीमेचं अजून घोडं अडलंय, तिथे आजही खलितेच जातात-येतात.

आज माझी पहिली गस्त. ओढ्यात त्यांची माणसं चहा ठेवून थांबली आहेत, असा निरोप आला आहे. साबिर खाली गाडी सुरू करून भोंगा वाजवतोय, आणि माझ्या बुटाची नाडी काही केल्या बांधून होत नाही.