वाळीत बरं झालेलं तोंड

लिंबाजीला जातीने वाळीत टाकलं ते रझाकारांची धामधूम संपल्यावर. त्या धामधुमीत पोरींच्या पोटात ज्वारी जावी म्हणून त्याने बिरोबाला सोडलेला मेंढा विकला होता. पंचांनी त्याची गुडगुडी बंद केली. बैठकीत एकच पितळी गुडगुडी सगळ्यांत फिरायची. तिच्या नळीला ज्याला तोंड लावू दिलं, तो जातीतला. ज्याला ओलांडून ती पुढे गेली, त्याच्या घरी सोयरीक नाही आणि मयताला खांदाही नाही.

लिंबाजीची मेंढरं खतासाठी आमच्या बोरीच्या रानात बसत, म्हणून मला हे सगळं ठाऊक. त्याची बायको सारजाबाई माझ्यापाशी येऊन रडायची आणि मी पंचांना मनसोक्त शिव्या द्यायची.

लिंबाजीच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता, दुधावरच्या सायीसारखा. वाळीत पडण्याआधीच सारजाबाईने त्याला परभणीच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तोंडाचं अस्तर नाजूक असतं. रोजच्या धुराने त्यातल्या पेशी बिघडतात आणि त्यातून पुढे कर्करोग होतो.

"आमचा धूर पाण्यातून येतो, सायेब. धुतलेला असतो," लिंबाजी म्हणाला.

"पाण्याने तो थंड होतो. जहर तसंच राहतं."

लिंबाजीला काही ते पटलं नाही. पण वाळीत पडल्यावर ओढणार कुणाबरोबर? "एकट्यानं ओढणं म्हंजी मसणात बसणं," असं म्हणून त्याने गुडगुडी सोडली. हळूहळू चट्टा विरला. हा गडी पुन्हा मिरचीचा ठेचा खाऊ लागला. पंचांनी शिक्षा म्हणून जे केलं, तेच त्याच्या तोंडाला औषध झालं होतं, आणि ते आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

मग थोरली पोर, दैवशाला, लग्नाच्या वयाची झाली. पंचांनी दंड घेऊन लिंबाजीला जातीत घेतलं. नळी हातात आली तेव्हा तो डोळे मिटून ओढत राहिला. त्यानंतर रोज संध्याकाळी बैठक. सगळ्या वर्षांची कसर त्याने भरून काढली. चट्टा परत आला, आणि या वेळी त्याच्या मधोमध जखम होती.

तेव्हा सारजाबाईला उमगलं. ती सरळ बैठकीत गेली आणि मुख्य पंच भुजंग याच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"भुजंगनाना, आमाला पुन्हा वाळीत टाका. वाळीत व्हते तवा त्यांचं तोंड बरं झालं व्हतं."

पंच हसले. भुजंग म्हणाला, "येडी का काय तू? वाळीत टाकायला गुन्हा लागतो, सारजे."

तिने गुडगुडी उचलली आणि दगडावर आपटली. काळं पाणी पंचांच्या धोतरांवर उडालं. "झाला का गुन्हा?"

झाला. घर पुन्हा वाळीत पडलं. मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. पण फार उशीर झाला होता. जखम आतून पोखरत गेली आणि शेवटी गालाला आरपार भोक पडलं. पाजलेली पेज तिथून बाहेर यायची. लिंबाजीला आता एकच घोर होता.

"मला खांदा कोण देईल, सारजे?"

सारजाबाई पंचांच्या पाया पडायला गेली. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. पंच नवी गुडगुडी घेऊन घरी आले. रीत म्हणजे रीत. सगळ्यांदेखत एक झुरका ओढला तरच तो जातीतला. लिंबाजीने नळी ओठांत धरली, पण ओढ लागेना. भोकातून नुसता वारा आत येत होता.

"पाणी वाजलं पायजे," भुजंग म्हणाला.

सारजाबाई पुढे झाली. तिने गालाच्या त्या भोकावर आपला तळहात दाबून धरला.

"ओढा आता," ती म्हणाली.

पाणी गुडगुडलं. पंचांनी माना डोलावल्या. तिने हात काढला, तसा धूर गालातून बाहेर आला.

तो गेला तेव्हा खांद्याला माणसं मावत नव्हती. बायका रडत होत्या. सारजाबाई दाराशी बसून राखेने तळहात घासत होती, आणि मी धरलं तरी थांबेना.