घरटी एक नळ

चार गल्ल्यांच्या एकजूट समितीत अक्कांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. जुनी घरं पाडून इमारती बांधायला निघालेल्या बिल्डरचा माणूस गोड बोलून गुंडाळायला बघायचा, तेव्हा शाळेत आयाचं काम करून निवृत्त झालेल्या या बाई त्याला आडव्या हाताने घ्यायच्या. "नकाशे नंतर दाखव. आधी घरटी एक नळ आणि चोवीस तास पाणी, एवढं लिहून दे." उभा जन्म त्यांचा चौकातल्या एकुलत्या एका नळावर भांडण्यात गेला होता, आणि तेही तोफेशी. तोफ म्हणजे भिंतीपलीकडची शिंपीण. तिने तोंड उघडलं की कौलांवरचे कावळे उडायचे.

अखेर बिल्डर नमला. भाडेकरूंना घरं मिळाली, दुकानदारांना गाळे मिळाले. राहता राहिलं वाटप, कुणाला कुठलं घर ते. वशिल्याचा संशय नको म्हणून अक्काच म्हणाल्या, "चिठ्ठ्या टाका." टाळ्या पडल्या. सगळं भांडून घेतलं, पण शेजार मागायचं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. शेजार काय, तो असतोच!

अक्का आल्या तिसऱ्या मजल्यावर, तोफ गेली समोरच्या इमारतीत नवव्या. इथे दारं कायमची लावलेली. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं मोबाइलमधून मान वर काढत नसत.

"आई, पाणी येतं ना?" लेक फोनवर विचारायची.

"धो धो येतं."

एकट्या जिवाला लागतं किती? बादली भरली की काम संपलं, मग घर खायला उठायचं. भरताना मागून कुणी "ए, नंबर माझा!" म्हणून ओरडत नाही, याचं अक्कांना चक्क रडू यायचं. सांगणार कुणाला? मागणी त्यांचीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एका दुपारी त्यांनी रिकामी बादली उचलली, आवार ओलांडलं आणि तोफेची बेल वाजवली. दार लगेच उघडलं, जणू ती दारापाशीच बसली होती. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आमच्याकडे पाणी गेलंय," अक्का म्हणाल्या.

तोफेने बादलीकडे पाहिलं, मग अक्कांकडे. चोवीस तास पाण्याची अट कुणी घालून घेतली होती, हे तिला पाठ होतं.

"आत ये," ती खेकसली. "पण नंबर माझा आधी!"

मोरीत तिची बादली काठोकाठ भरलेली होती. तोफेने ती उचलली, सगळं पाणी ओतून दिलं, बादली पुन्हा नळाखाली ठेवली आणि नळ अगदी बारीक सोडला.