दोन मिनिटं लवकर

मी एका शिंप्याच्या दुकानातला रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात थोडी फेकाफेक असते. पण गाण्याच्या बाबतीत मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, आणि ते सलग अकरा वर्षं.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडी पेटी, तिच्यावर जड गोल चकती, पोटात इवलीशी मोटर, आणि मोटरीची ताकद चकतीपर्यंत नेणारा एक नाजूक रबरी पट्टा. एवढाच काय तो माझा देह. तपासनिसाने मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा समोरच्या इमारतीतली सहा महिने बंद असलेली लिफ्ट म्हणे आपोआप वर गेली. मी स्वतः पाहिलं नाही. मी कामात होतो.

पहिले मालक दातांचे डॉक्टर. संगीताचे शौकीन वगैरे काही नव्हते. आतल्या किंकाळ्या बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नयेत, म्हणून मला ठेवलं होतं. दाढ जितकी खोल, तितका आवाज मोठा. त्यांनी दवाखाना बंद केला तेव्हा त्यांच्या पँटी शिवणाऱ्या माणसाला मला देऊन टाकलं. ते माझे दुसरे आणि शेवटचे मालक. सगळी गल्ली त्यांना मास्टर म्हणते.

मास्टरांचं दुकान म्हणजे पुढे कापड बेतायचं लांबलचक टेबल, मागे शिलाई मशीन आणि मशीनशेजारी स्टुलावर मास्टरीणबाई. काज-बटणाचं सगळं काम त्यांचं. माझी जागा फळीवर, एका बाजूला इस्त्री आणि दुसऱ्या बाजूला जुना रेडिओ. रेडिओ मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतो. त्याला बापड्याला कोणी रेकॉर्ड लावून देत नाही ना!

इथे येऊन महिना झाला नसेल, तोच माझा पट्टा तुटला. आता कोणीही शहाणा माणूस दुसरा पट्टा आणेल. पण जगात जे जे उसवतं ते ते आपल्याला शिवता येतं, अशी ज्याची खात्री असते त्याच्यापुढे शहाणपण चालत नाही. मास्टरांनी चड्डीला घालायचं इलॅस्टिक घेतलं, बेताचं कापलं, टोकाला टोक जोडून गोल शिवलं आणि माझ्या पोटात बसवलं. टाका असा, की शोधून सापडू नये.

“बघ, पळतोय की नाही!” मास्टर म्हणाले.

पळत होतो, हीच तर अडचण होती. इलॅस्टिक मूळ पट्ट्यापेक्षा जाड, आणि पट्टा जाड झाला की चकती जोरात फिरते. बावीस मिनिटांची बाजू मी वीस मिनिटांत आटपायला लागलो. जाड आवाजाचे गवई माझ्यावर जरा कोवळे व्हायचे. रडणारी गाणी नाक पुसून चालू लागायची.

मी का बोललो नाही? अहो, आधीच्या नोकरीत लोक माझ्यासमोर गाल धरून बसायचे. इथे पहिल्यांदाच कोणीतरी मान डोलावत होतं. कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेव्हाच रविवारची बैठक सुरू झाली. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि त्याच्याखालून वाकून मास्टरीणबाईंचा धाकटा भाऊ आत शिरायचा. हा घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून घड्याळजी. कापड बेतायच्या तपकिरी कागदावर मास्टरांनी शिंप्याच्या खडूने मथळा लिहिला, ‘आजवरचे सर्वांत थोर दहा अल्बम’, आणि कागद भिंतीला टाचला. खाली दहा ओळी. नावं कोण लक्षात ठेवतो? ओळख कव्हरवरून.

पहिल्या ओळीवर ‘राखाडी’, ही मास्टरांची. कव्हरवर धुकं आणि धुक्यात एक रिकामी खुर्ची. पाचव्यावर ‘पिवळी’, ही घड्याळजींची. कव्हरवर पाठमोरी बाई. पिवळीला पहिल्या ओळीवर नेणं हे घड्याळजींनी आयुष्याचं काम मानलं होतं.

बैठकीचा कायदा एकच, पण कडक. ज्या रेकॉर्डला खाली उतरवायचं तिचं आधी पाच मिनिटं मनापासून कौतुक करायचं. मगच मतदान. मतं समसमान पडली तर यादी आहे तशी राहणार. आणि समसमान पडणारच, कारण मतं दोन. मास्टरीणबाईंनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं, “मला यात ओढू नका. नवऱ्याला मत दिलं तर भाऊ रुसतो, भावाला दिलं तर नवरा. मला बटणं लावू द्या.”

घड्याळजींचं कौतुकही ऐकण्यासारखं असायचं.

“राखाडीचं कव्हर जाड आहे. पुठ्ठा चांगला वापरलाय. ओल धरत नाही.”

“अरे, गाण्याबद्दल बोल की!”

“तेच सांगतोय भाऊजी. गाण्यापेक्षा पुठ्ठा टिकाऊ आहे.”

“आणि तुझी पिवळी? गाते आहे की बस पकडायला धावते आहे? एक शब्द नीट पूर्ण करत नाही बाई. माझी राखाडी बघ, कशी तुरुतुरु चालते. हिच्या तालावर मी हजारो पँटी शिवल्यात.”

“पँटी शिवायला सोपी, म्हणून थोर?”

“माझं माप आणि माझा कान, दोन्ही आजवर चुकलेले नाहीत.”

इथे मी खरखर करायचो. त्यांना वाटायचं, पिनवर धूळ बसली.

आता मास्टरांची मुलगी. ती शिकली-सवरली आणि रेडिओवर निवेदिका झाली. रविवारी दुपारी तिचा कार्यक्रम असतो. कोणीतरी पाहुणा येतो, आपले दहा अल्बम सांगतो, आणि त्याच्या पहिल्या क्रमांकाची एक अख्खी बाजू वाजवतात. एके दिवशी तिने बापालाच बोलावलं.

झालं! मास्टरांनी माप घेता घेता एकेका गिऱ्हाइकाला बातमी दिली. छातीभोवती टेप गुंडाळलेला माणूस पळून तरी कुठे जाणार? “रविवारी ऐका. जगातला सगळ्यांत थोर अल्बम कोणता, याचा निकाल लागणार आहे. कानाचं माप आहे माझं, इंचाचा फरक सापडला तर टेप खाली ठेवीन.” सगळी गल्ली ऐकणार हे नक्की झालं. माझ्या पोटात इलॅस्टिक ताणलं गेलं. तिथे मी नसणार होतो. तिथे दुसराच कोणी राखाडी वाजवणार होता, खऱ्या वेगाने.

रविवार उजाडला. मास्टर नवा कोट घालून गेले. दुकानात राहिलो आम्ही, म्हणजे घड्याळजी, मास्टरीणबाई आणि मी. शेजारचा रेडिओ त्या दिवशी असा फुगला होता, की जणू कार्यक्रम त्यानेच ठरवलाय.

मास्टरांनी दहा ते दोन क्रमांक झोकात सांगितले. मग म्हणाले, “आणि आता ऐका, कान कशाला म्हणतात!”

राखाडी सुरू झाली.

पहिला ठोका पडला. दुसरा पडेपर्यंत मास्टरीणबाईंचा दोरा सुईत ओवून झाला. मग तो गवई बोलायला लागला. हो, बोलायलाच. खालच्या, जड, झोपेतून उठवल्यासारख्या आवाजात. जी राखाडी आमच्याकडे तुरुतुरु चालायची, ती तिथे भिंत धरून एकेक पायरी उतरत होती.

“ही आपली नव्हे,” घड्याळजी म्हणाले. “वेगळी रेकॉर्ड लावली.”

“तीच आहे. शब्द तेच आहेत,” मास्टरीणबाई म्हणाल्या.

घड्याळजींनी मनगट वर केलं आणि बाजू संपेपर्यंत खाली आणलं नाही. “बावीस मिनिटं! कव्हरवर बावीसच छापलंय. मग ताई, आपल्याकडे बाजू लावून तू चहा ठेवलास, की चहा होईपर्यंत, म्हणजे वीसच मिनिटांत, ती कशी संपते?”

“ते मी सांगू? घड्याळजी कोण आहे घरात?”

घड्याळजींनी मनगट हळूच बाहीत लपवलं. अकरा वर्षं मनगटावर घड्याळ आणि समोर मी!

रेडिओवर मुलीचा आवाज आला, “बाबा, काय म्हणतो पहिला क्रमांक?”

उत्तर येईना. रेडिओवर शांतता म्हणजे फार लांब वाटते हो. मुलीला आणि गल्लीला, दोघांनाही तेव्हा एकच प्रश्न पडला असणार, की आता हा माणूस काय थाप मारणार? मास्टरांना थाप सहज जमली असती. ‘तुमचं मशीन बिघडलंय’ म्हणाले असते तर गल्लीने तेच खरं धरलं असतं.

“ढगळ आहे,” मास्टर म्हणाले.

“म्हणजे?”

“मी घरी ऐकतो ती राखाडी कमरेत घेतलेली आहे. तुमच्या या प्लेअरचा पट्टा बाहेरून दिसतो ना, मघापासून मी तोच बघतोय. दोऱ्यासारखा बारीक आहे. माझ्या प्लेअरला मी चड्डीचं इलॅस्टिक शिवून बसवलंय.”

मुलगी हसू दाबत होती ते आम्हाला ऐकू आलं. मास्टर मात्र हसले नाहीत. “ऐकणाऱ्यांना सांगतो, माझी यादी आजपासून रद्द. खोट्या मापाने बेतलेले दहाच्या दहा कपडे आहेत ते. आणि माझ्या मेहुण्याच्या एका रेकॉर्डला मी अकरा वर्षं घट्ट कपडे घालून उभं केलं, वर म्हणालो, बाईला चालता येत नाही.”

दुकानात घड्याळजींनी चष्मा काढला आणि पुसायला कापड शोधू लागले. शिंप्याच्या दुकानात त्यांना कापड सापडेना.

मास्टर परतले ते खिशात खरा पट्टा घेऊन. मुलीनेच दिला होता. कोणाशी न बोलता त्यांनी चकती उचलली, इलॅस्टिक काढलं आणि पट्टा चढवला. खोटं सांगत नाही, अकरा वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला.

“आधी राखाडी, मग पिवळी,” मास्टर म्हणाले. “आणि आज मधे कोणी बोलायचं नाही.”

दोन्ही वाजवल्या. एकेका गाण्यात ती पाठमोरी बाई शब्दाशब्दाला थांबत, वळून बघत गेली. मास्टरांनी डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

मग कायदा आला. पिवळीला वर न्यायचं तर घड्याळजींनी राखाडीचं कौतुक करायला हवं. ते सवयीने पुठ्ठ्यापासून सुरू झाले. “पुठ्ठा चांगला आहे...” आणि अडखळले. “पण भाऊजी, तिसऱ्या गाण्यात तो मधेच थांबतो ना, तिथे मला वाटलं, विसरला. विसरला नव्हता. पुढची ओळ म्हणावी की नको, असं त्याचं चाललं होतं. माणूस असा थांबतो हो. मी कितीदा...” पाच मिनिटांची नऊ झाली. घड्याळजींचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

“झालं? मत दे,” मास्टर म्हणाले. “माझं मत पिवळीला.”

“काय? मग माझं राखाडीला!”

“अरे, तूच अकरा वर्षं...”

“मग तुम्हीच नव्हता का तिला बस पकडणारी म्हणत?”

“समसमान. म्हणजे राखाडी वर राहिली. तुझ्यामुळे!”

“यादी तुम्हीच जाहीर रद्द केलीत. वर राहायला यादी आहे कुठे?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून स्टुलाकडे पाहिलं.

मास्टरीणबाईंनी दोरा दातांनी तोडला. “पिवळी,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपलं की ती बाई हसते. गाणं झाल्यावर, वाद्यं थांबल्यावर, अगदी हळू. अकरा वर्षं मला वाटायचं, बिचारीला खोकला झालाय. तुम्ही दोघं तोवर भांडायला लागलेले असायचात. आज कळलं, हसते. ती का हसते ते मला माहीत नाही, पण तेवढ्यासाठी मी तिला पहिला नंबर देते.”

“ताई, भावाच्या विरोधात मत दिलंस?”

“अरे, तुझ्याच रेकॉर्डला दिलं ना!”

मास्टर टेबलावर वाकले. नवा तपकिरी कागद कापला, सरळ, एका कात्रीत. पहिल्या ओळीवर स्वतःच्या हाताने ‘पिवळी’ लिहिलं आणि खाली ओळ अशी ओढली, की पट्टीची गरज पडू नये.

गल्लीत हसं झालं का? झालं की. लोक मुद्दाम येऊन विचारायचे, “मास्टर, टेप खाली ठेवताय ना?” मास्टर म्हणायचे, “ठेवली होती. तपासली, मग उचलली. आता हात वर करा, छाती मोजतो.” एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट कोणी कोणी आपली रेकॉर्ड काखेत मारून येऊ लागलं.

आता माझं वय झालंय. पेटीचा एक कोपरा उखडलाय, झाकणाला तडा आहे. पण चाल खरी आहे. रविवारी मास्टर पिवळीची बाजू घेतात, घड्याळजी राखाडीसाठी घसा कोरडा करतात, आणि कौतुकाची पाच मिनिटं हल्ली कोणी पाचावर थांबवत नाही. दुसऱ्या ओळीपासून खाली तर अजून सगळाच वाद आहे. जुन्या एकाही निकालावर कोणाचा विश्वास उरलेला नाही.

तुमच्याही मनात अशी दहाची यादी असेल. असू द्या, भांडा, हक्काने भांडा. फक्त कोणाला पाचव्या ओळीवर बसवण्याआधी एकदा चकती उचलून खाली काय लावलंय ते बघा. आणि शटर अर्धं उघडं दिसलं तर वाकून आत या. रेकॉर्ड आणा, दोन्ही बाजू ऐकायची तयारी आणा.

आता मात्र मला गप्प बसू द्या. दुसरी बाजू संपत आली आहे. ती बाई हसते तेव्हा इथे कोणी बोललेलं मास्टरीणबाईंना चालत नाही, मीसुद्धा नाही.